तापी-नर्मदेच्या पाण्यात पहिली मोटरबोट: सुरक्षेचं आणि वाट दाखवणारं सामान कसं निवडायचं

हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे साचलेल्या पाण्यावर, पक्षी दाखवायला, उकाईच्या पाण्यात मासेमारीला, नर्मदाकाठच्या गावांत माणसं-सामान पोचवायला, किंवा घरच्यांना सुट्टीच्या दिवशी फिरवायला म्हणून कोणी सोळा-अठरा फुटांची फायबरची बोट आणि तीस-चाळीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन घ्यायचं ठरवतं. बहुतेक वेळा सगळा हिशेब बोट आणि इंजिन इथेच संपतो. उरलेल्या पैशांत विक्रेता देईल ती जॅकेटं आणि एखादी चकचकीत स्क्रीन घेतली जाते. विक्रेत्याची यादी समुद्राच्या हिशेबाने केलेली असते. आपल्याकडचं पाणी धरणाचं आहे. त्याचे धोके वेगळे, म्हणून सामानही वेगळं लागतं.

मी पैसे लावायचा क्रम असा सांगतो: आधी माणूस तरंगता राहील ते सामान, मग बोट तरंगती आणि ताब्यात राहील ते, मग परतीची वाट सापडेल ते, आणि शेवटी सोयीचं. बजेट कमी पडलं तर यादी खालून कापा, वरून नको.

आधी आपलं पाणी ओळखा

खान्देशात बोट घालण्याजोगं पाणी ढोबळमानाने चार प्रकारचं आहे. आपली बोट यातल्या कोणत्या पाण्यात जास्त वेळ राहणार, हे ठरल्याशिवाय एकही वस्तू घेऊ नका.

पहिलं हतनूरसारखं पसरट पाणी. तापी-पूर्णेच्या संगमाजवळ, चांगदेव-मेहूणच्या बाजूला, पाणी रुंद दिसतं, पण बऱ्याच ठिकाणी उथळ आहे आणि गाळ भरपूर आहे. इथे बोट रुतते, इंजिनाच्या पंख्यात जाळं किंवा वनस्पती गुंतते. किनारा मात्र नजरेच्या टप्प्यात असतो.

दुसरं बॅरेजचं पाणी: सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा. इथे नदीच्या पात्रातच पाणी अडवलेलं असतं. पाणी शांत दिसतं, पण दरवाजे उघडले की त्याची पुन्हा नदी होते. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. वर मध्य प्रदेशात आणि पूर्णेच्या खोऱ्यात विदर्भात पाऊस झाला की जळगावात ऊन असतानाही विसर्ग वाढतो, आणि ते पाणी खालच्या बॅरेजांकडे निघतं. दरवाजांच्या वरच्या बाजूला ओढ लागते, खालच्या बाजूला भोवरे होतात. इंजिन बंद पडलेली बोट दरवाज्याकडे वाहू लागली, तर नांगर हा एकच उपाय हातात उरतो. म्हणून बॅरेजवर बोट चालवणाऱ्याचा नांगर कायम दोराला बांधलेला आणि टाकायला तयार असला पाहिजे.

तिसरं उकाईचं पाणी. धरण गुजरातेत, १९७२ साली पूर्ण झालेलं, फुगवटा आपल्या नवापूर-नंदुरबारच्या बाजूपर्यंत. इथे पाण्याचा पट्टा लांब आणि मोकळा आहे. लांब पट्ट्यावर वारा सुटला की लाट वाढत जाते. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी सोळा फुटी बोटीला जड जाऊ शकतं.

चौथी नर्मदा. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या मणिबेलीसारख्या गावांसमोर सरदार सरोवराचं पाणी सातपुड्याच्या दरीत शिरलेलं आहे. तिथे खोली प्रचंड, काठ उभे, पाण्याखाली झाडं आणि जुनी गावं, बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नाही आणि रस्ता लांब. इथे मदत येईल या भरवशावर सामान निवडायचं नाही. आपणच आपली मदत, असं धरून निवडायचं.

कागद

अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नुसार यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या बोटीला तपासणी, नोंदणी आणि विमा लागतो. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. जलाशयात बोट घालायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. धरणावरच्या कार्यालयात गेल्याचा आणखी एक फायदा म्हणजे पाण्याची पातळी आणि विसर्ग कुठून कळतो, कोणत्या भागात जायचं नाही, हे तिथेच समजतं. तपासणीसाठी लागणारं सुरक्षेचं सामान लेखी मागून घ्या. ते किमान आहे. खाली लिहिलंय ते त्याच्या पुढचं.

लाइफ जॅकेट: इथे घासाघीस नको

१८ जानेवारी २०२४ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि बहुतेक मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. तो शहरातला तलाव होता, काठ जवळ होता. पाणी लहान आहे म्हणून जॅकेट नको, हा हिशेब तिथेच खोटा ठरला.

जॅकेटची ताकद न्यूटनमध्ये मोजतात. १० न्यूटन म्हणजे साधारण एक किलो उचल. ५० न्यूटनचं साधन पोहता येणाऱ्याला, शुद्धीवर असणाऱ्याला आधार देतं, पण तोंड पाण्याबाहेर ठेवायची हमी देत नाही. आपल्याकडे पोरं विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकतात, तसंच हे: अंग वर राहतं, मान ज्याची त्यानेच सांभाळायची. १०० न्यूटनचं जॅकेट शांत, काठाजवळच्या पाण्यासाठी. १५० न्यूटनचं जॅकेट बेशुद्ध माणसालाही बहुतेक वेळा उताणं करतं आणि तोंड वर ठेवतं. २७५ न्यूटन खोल समुद्रातल्या जड कपड्यांच्या कामासाठी असतं, आपल्याला त्याची गरज नाही.

माझी शिफारस अशी. हतनूर आणि बॅरेजसाठी १०० न्यूटनची, फोमची, कॉलर असलेली जॅकेटं. उकाईच्या मोकळ्या पाण्यासाठी आणि नर्मदेसाठी १५० न्यूटनची. जॅकेटवर आयएसओ १२४०२ (जॅकेटांचं आंतरराष्ट्रीय मानक) किंवा मान्यताप्राप्त संस्थेचा शिक्का आणि न्यूटनचा आकडा छापलेला असला पाहिजे. आकडाच नसेल तर ते जॅकेट कितीही जाड दिसो, घेऊ नका.

आकडा खरा आहे का, हे घरी तपासता येतं. किराणा दुकानातलं दहा किलोचं लोखंडी वजन १०० न्यूटनच्या मोठ्या माणसाच्या जॅकेटला बांधा आणि विहिरीत किंवा शेततळ्यात दोराने सोडा. पाण्यात लोखंडाचं वजन थोडं कमी भरतं, त्यामुळे खरं जॅकेट ते सहज तरंगतं ठेवतं. बुडालं तर दुकानात परत करा. हीच चाचणी दर वर्षी पावसाळ्याआधी करा, कारण बोटीत उन्हात पडून राहिलेला फोम हळूहळू मरतो.

फुगणारी जॅकेटं अंगाला हलकी, उन्हाळ्यात सुसह्य. पण त्यांत कार्बन डायऑक्साइडची नळकांडी असते, ती एकदाच चालते, गंजते, सैल होते. १५० न्यूटनला सहसा ३३ ग्रॅम वायूची नळकांडी लागते; तिच्यावर रिकामं आणि भरलेलं वजन लिहिलेलं असतं, ते काट्यावर तोलून पाहायचं. रोज बोट चालवणाऱ्या, काळजीने वापरणाऱ्या एका माणसाला ते ठीक आहे. पाहुण्यांना, मुलांना आणि पोहता न येणाऱ्यांना फोमचंच द्या.

मापाचा मुद्दा दुकानात कोणी सांगत नाही. जॅकेट घालून, पट्टे आवळून, हात वर करा आणि दुसऱ्याला खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघेल. मुलांची जॅकेटं वजनावरून घ्यायची, वयावरून नाही, आणि त्यांना दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. साडी किंवा धोतर नेसलेल्या माणसाला तो पट्टा लावता येत नाही. म्हणून मोठ्यांची जॅकेटं घेताना छातीवर आणि कमरेवर मिळून तीन रुंद पट्टे असलेली घ्या आणि कमरेचा पट्टा घट्ट आवळा. नर्मदाकाठी तर हे पहिल्यांदा पाहा.

प्रत्येक जॅकेटला शिट्टी दोरीने बांधलेली असावी. जॅकेट बाकाखाली ठेवायची वस्तू नाही. काठावर चढवायचं, काठावरच उतरवायचं, आणि हा नियम बोट चालवणाऱ्यालाही.

किती माणसं

बोटीवर क्षमतेची पाटी असेल तर ती पाळा. नसेल तर वीस फुटांच्या आतल्या बोटीसाठी एक ढोबळ हिशेब आहे: लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले पंधरा. सोळा फूट लांब आणि सहा फूट रुंद बोटीत सहा माणसं. हा हिशेब शांत पाण्याचा आहे. लाट असेल, सोबत सामानाची पोती असतील, तर माणसं कमी करा. १५ जानेवारी २०१९ला, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात नर्मदेत साठेक माणसं भरलेली बोट उलटली आणि माणसं गेली. सणाच्या दिवशी नाही म्हणणं अवघड जातं. म्हणून क्षमतेचा आकडा बोटीच्या बाजूवर मोठ्या अक्षरांत मराठीत रंगवून घ्या, म्हणजे तुमच्याऐवजी बोटच नाही म्हणेल.

किल कॉर्ड, शिडी आणि फेकदोर

आउटबोर्ड इंजिनाला लाल गुंडाळीची एक दोरी येते, तीच किल कॉर्ड. तिचं एक टोक इंजिनाच्या स्विचला आणि दुसरं चालवणाऱ्याच्या मांडीला किंवा जॅकेटला. माणूस पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद होतं. ही दोरी लावली नाही, तर पडलेल्या माणसाभोवती बोट एकटी गोल फिरत राहते आणि पंखा त्याच्यावरून जातो. अमेरिकेत १ एप्रिल २०२१पासून २६ फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींवर हिचा वापर कायद्याने सक्तीचा झाला. आपण कायद्याची वाट पाहू नये.

सोबत एक जादा क्लिप घ्या आणि ती दुसऱ्या जाणत्या माणसाला दाखवून ठेवा. चालवणारा दोरीसकट पाण्यात पडला, तर बोटीवरच्यांना इंजिन पुन्हा चालू करायला तीच लागते.

पाण्यातला माणूस वर कसा घ्यायचा, हा प्रश्न बोट घेताना कोणी विचारत नाही. ओल्या कपड्यांचा, दमलेला माणूस फायबरच्या उंच कडेवरून ओढून घेणं दोघांनाही जमत नाही, उलट बोट कलते. मागच्या बाजूला घट्ट बसवलेली, पाण्याखाली निदान दोन पायऱ्या जाणारी शिडी लावा. ती पाण्यातूनच उघडता आली पाहिजे. माणूस शिडीशी येण्याआधी इंजिन पूर्ण बंद. न्यूट्रल पुरेसं नाही.

फेकदोर म्हणजे पिशवीत भरलेला पंधरा-वीस मीटर तरंगता दोर. तो पॉलिप्रॉपिलीनचा असावा, रंग पिवळा किंवा नारिंगी. नायलॉनचा दोर बुडतो आणि पंख्यात जातो. पिशवी चालवणाऱ्याच्या हाताशी टांगा. एक टोक हातात धरून पिशवी माणसाच्या पलीकडे फेकायची, म्हणजे दोर त्याच्यावरून पडतो. काठावर उभं राहून याचा सराव करा. तो घरातल्या प्रत्येकाला जमला पाहिजे. बुडणाऱ्याच्या मागे उडी मारणारा चांगला पोहणाराही बुडतो, हे आपल्याकडच्या विहिरी आणि नद्यांनी पुष्कळदा दाखवलं आहे.

आग आणि आत येणारं पाणी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी साचते आणि ठिणगीची वाट पाहते. हलवता येणारी टाकी असेल तर ती बोटीतून उतरवून, जमिनीवर ठेवूनच भरा. एबीसी पावडरचं दोन किलोचं अग्निशामक घ्या, त्यावर आयएस १५६८३ आणि आयएसआय खूण पाहा. ते टाकीजवळ किंवा इंजिनाजवळ लावू नका. आग लागली की तिथे हात जाणार नाही. चालवणाऱ्याच्या पायाशी लावा.

इथेच आजच्या पेट्रोलबद्दल एक गोष्ट. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, आणि महिनोन्महिने पडून राहिलं तर पाणी-इथेनॉलचा थर खाली बसतो. इंजिन भर पाण्यात बंद पडण्याचं हे अगदी साधं कारण आहे. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. पावसाळ्यात बोट वर काढताना टाकी रिकामी करा. इंधन नेताना तीन भाग करा: एक जायला, एक यायला, एक राखीव.

आत येणाऱ्या पाण्याचा अंदाज घ्या. पाण्याच्या पातळीखाली एक फुटावर एक इंच व्यासाचं भोक पडलं तर मिनिटाला चाळीसेक लिटर पाणी आत येतं. पंपावर लिहिलेला आकडा आदर्श परिस्थितीतला असतो. बॅटरी उतरलेली, नळी वर चढवलेली असली की तो निम्म्यावर येऊ शकतो. सोळा फुटी बोटीला तासाला चार हजार लिटरच्या आसपास लिहिलेला आपोआप चालू होणारा पंप घ्या आणि सोबत दोरी बांधलेली साधी प्लास्टिकची बादली. मागच्या बाजूच्या बुचाचा एक जादा नग ठेवा.

नांगर, वल्हं, सुरी

हतनूरच्या गाळात दोन सपाट पात्यांचा डॅनफोर्थ नांगर चांगला धरतो. दगडाळ तळावर चार नखांचा नांगर बरा. सोळा फुटी बोटीला तीन-चार किलोचा नांगर, दोन-तीन मीटर साखळी आणि पन्नास मीटर दहा मिलिमीटरचा नायलॉन दोर. साखळीमुळे ओढ आडवी लागते, आणि आडव्या ओढीनेच नांगर रुततो. दोर खोलीच्या पाचपट सोडायचा, वाऱ्यात सातपट. सहा मीटर पाण्यात तीस मीटर. नांगर कधीही मागच्या बाजूने टाकू नका. बोटीचं तोंड पाण्याच्या ओढीकडे राहिलं पाहिजे, नाहीतर मागून पाणी आत चढतं.

नर्मदेच्या दरीत ही सगळी गणितं निकामी होतात. खोली इतकी की दोर पुरत नाही. तिथे चाळीस मीटरचे दोन दोर काठाच्या झाडाला किंवा खडकाला बांधण्यासाठी ठेवा.

दोन वल्ही ठेवा, एक नाही. दातेरी पात्याची सुरी म्यानासकट हाताशी ठेवा. मच्छीमारांची जाळी प्लास्टिकच्या बाटल्यांच्या तरंगांवरून ओळखू येतात. त्यांच्यापासून दूरच राहा. गुंतलातच तर इंजिन बंद करून, वर उचलून, होईल तितकं जाळं न कापता सोडवा. ते कोणाच्या तरी घरचं पोट आहे.

वाट दाखवणारं सामान: नकाशा आपणच करायचा

समुद्राचे नकाशे डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं, आणि महागड्या चार्टप्लॉटरमध्ये (बोट नकाशावर कुठे आहे ते दाखवणाऱ्या स्क्रीनमध्ये) किनाऱ्याचे नकाशे भरलेले मिळतात. २०१६च्या कायद्याने तापीला राष्ट्रीय जलमार्ग १०० आणि नर्मदेला राष्ट्रीय जलमार्ग ७३ असे क्रमांक मिळाले. पण क्रमांक मिळाला म्हणून प्लॉटरमध्ये हतनूर किंवा मणिबेलीच्या खोलीचा भरवशाचा नकाशा मिळेल, असं धरून चालू नका. आकाराने नदी दिसते, तिच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. त्यामुळे नकाशासाठी जादा पैसे देऊ नका. तेच पैसे सोनारवर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी खोली मोजणाऱ्या यंत्रावर, घाला.

पहिलं काम घरी, संगणकावर. गूगल अर्थ प्रोमध्ये जुनी उपग्रहचित्रं तारखेनुसार पाहता येतात. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं मोफत आहेत आणि पाच-पाच दिवसांच्या अंतराची मिळतात. आपल्या जलाशयाचं पाणी सगळ्यात खाली गेलं होतं तेव्हाचं चित्र शोधा. तापीसाठी २०१८च्या दुष्काळानंतरचा, म्हणजे २०१९चा मे-जून पाहा. नर्मदेसाठी २०१८चा उन्हाळा पाहा, तेव्हा सरदार सरोवराची पातळी खूपच खाली होती. आज पाण्याखाली असलेल्या टेकड्या, जुने रस्ते, बांध, वस्त्यांचे चौथरे त्या चित्रांत उघडे दिसतात. त्यांवर खुणा करा आणि त्या जीपीएसमध्ये भरा. धरणात कुठे काय बुडालंय हे त्या काठच्या जुन्या माणसांना आणि नावाड्यांना तोंडपाठ असतं. चित्र छापून त्यांच्यासमोर ठेवा, पेन त्यांच्या हातात द्या.

दुसरं काम पाण्यावर. जीपीएस असलेला सोनार घ्या आणि हळू वेगाने फिरत खोलीची नोंद करा. इथे एक गोष्ट विसरली तर सगळी मेहनत वाया जाते: धरणाचं पाणी वर-खाली होतं. सरदार सरोवर पूर्ण भरलं की पातळी १३८.६८ मीटर असते, २०१९च्या सप्टेंबरमध्ये ती पहिल्यांदा गाठली गेली. कोरड्या वर्षाच्या उन्हाळ्यात तीच पंचवीस मीटरहूनही खाली जाऊ शकते. म्हणजे ऑक्टोबरमध्ये ज्या टेकडीवरून बोट निर्धास्त गेली, ती मे महिन्यात पंख्याच्या उंचीवर असेल. म्हणून नोंदवलेली खोली जशीच्या तशी लिहू नका. त्या दिवसाची जलाशयाची पातळी जलसंपदा विभागाकडून घ्या आणि तीतून खोली वजा करा. समजा पातळी २१३ मीटर होती आणि सोनारने ४ मीटर दाखवलं, तर तळ २०९ वर आहे. उद्या पातळी २१० झाली की तिथे एकच मीटर पाणी, हे नोंदवहीत पाहूनच कळेल. गाळ दर पावसाळ्यात सरकतो, त्यामुळे हतनूरच्या नोंदी दर वर्षी नव्याने तपासा.

सोनार निवडताना पाच-सात इंची स्क्रीन पुरते. स्क्रीन भर दुपारच्या उन्हात वाचता येते का, हे दुकानाच्या बाहेर नेऊन पाहा. २०० किलोहर्ट्झचा अरुंद झोत तळ स्पष्ट दाखवतो, ८३ किंवा ५० किलोहर्ट्झचा रुंद झोत जास्त जागा पाहतो. दोन्ही असलेला ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात झोत सोडणारा भाग, घ्या. तो मागच्या फळीवर, पंख्याच्या फेसापासून दूर, बुडबुडे येणार नाहीत अशा जागी लावा. सेटिंगमध्ये पंख्याच्या खालच्या टोकापर्यंतचं अंतर भरा, म्हणजे दाखवलेली खोली पंख्याखालची असेल; तळाच्या नोंदीसाठी मात्र ते अंतर धरून पाण्याच्या पृष्ठभागापासूनची खोली घ्या. आणि सोनार खाली पाहतो, पुढे नाही, हे मनात पक्कं ठेवा. समोरच्या बुडालेल्या झाडाची सूचना तो झाडावर गेल्यावरच देतो. अनोळखी पाण्यात कमी वेग हीच खरी सुरक्षा, म्हणजे चालण्याइतका वेग, आणि एक माणूस पुढे बसून पाण्याकडे पाहणारा.

होकायंत्र घ्याच. त्याला बॅटरी लागत नाही. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे दुरुस्तीचं गणित करावं लागत नाही. फक्त ते स्पीकर, मोबाइल आणि लोखंडापासून अर्धा मीटर तरी लांब बसवा. नर्मदेत हिवाळ्यात सकाळी धुकं उतरतं तेव्हा दरीतली सगळी वळणं सारखी दिसतात. निघताना प्रत्येक टप्प्याची दिशा आणि वेळ कागदावर लिहिलेली असेल, तर स्क्रीन बंद पडूनही परत येता येतं.

मोबाइलमध्ये नेटवर्क नसतानाही जीपीएस चालतो. नकाशा आधी उतरवून ठेवा. पण मोबाइलला एकमेव साधन समजू नका. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं कंपनीच सांगते, आणि आपला मे महिना त्याच्या फार पुढचा. उन्हात ठेवलेला फोन तापून आपोआप बंद होतो, नेमका गरजेच्या वेळी.

मदत कशी मागायची

समुद्रात मरीन व्हीएचएफ, म्हणजे बोटींच्या रेडिओवर, चॅनल १६ (१५६.८ मेगाहर्ट्झ) ऐकणारं कोणीतरी असतं. तापीवर आणि नर्मदेवर तो रेडिओ ऐकायला कोणी बसलेलं नाही. बोट कोकणात नेणार नसाल तर मरीन व्हीएचएफवर खर्च करू नका. समुद्रात नेणार असाल तर परवाना काढून घ्या, आणि तटरक्षक दलाचा १५५४ क्रमांक लक्षात ठेवा.

सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइट मेसेंजर परदेशी लेखांत पहिल्या क्रमांकावर सुचवलेले असतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, आणि अशी साधनं सोबत असलेल्या पर्यटकांना विमानतळांवर ताब्यात घेतलं गेलं आहे. नातेवाइकांनी बाहेरून आणून दिलं तरी ते बोटीवर ठेवू नका.

मग आपल्याकडे काय उरतं? रेंज असेल तिथे ११२ आणि रुग्णवाहिकेला १०८. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं, दोन फोन, दोन्ही जलरोधक पिशवीत, त्यातला एक बंद करून ठेवलेला. नर्मदेत निघण्याआधी कोणत्या वळणावर, कोणत्या घाटावर रेंज येते ते नावाड्यांना विचारून नकाशावर लिहा. दिवसा आरसा आणि नारिंगी कापड, रात्री लुकलुकणारा जलरोधक टॉर्च. आतषबाजीसारखे फ्लेअर समुद्रासाठी ठीक, पण त्यांना मुदत असते आणि खान्देशच्या उन्हात गाडीच्या डिकीत ते ठेवणं मला पटत नाही.

दिवे आणि आवाज

रात्री बोट चालवायचीच नाही, हा पहिल्या वर्षाचा नियम ठेवा. तरी दिवे लावा, कारण उशीर होतो. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, आणि बारा मीटरच्या आतल्या बोटीला सगळीकडून दिसणारा एक पांढरा दिवा, उंच दांड्यावर. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. भोंगा ठेवा. पाच छोटे आवाज म्हणजे तुमचं काय चाललंय ते कळत नाही, धोका आहे. आपल्याकडच्या वल्ह्याच्या होड्यांवर दिवा नसतो. त्यांना टॉर्चने शोधायची जबाबदारी इंजिनवाल्याची.

वीज, वारा, ऊन

पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप आजूबाजूला पडणाऱ्या विजांची सूचना देतं. ते निघण्याआधी पाहा. एप्रिल ते जूनमध्ये दुपारनंतरचा वळीव अर्ध्या तासात येतो, आणि मोकळ्या पाण्यावर बोटीतला माणूसच सगळ्यात उंच असतो. वीज चमकणं आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर तुम्ही आधीच काठावर असायला हवं. या महिन्यांत सकाळी लवकर निघा, अकराच्या आत परता.

माणशी तीन लिटर पिण्याचं पाणी, ओआरएस, टोपी आणि बोटीवर कापडी छप्पर हे सामान मी सुरक्षेच्याच यादीत धरतो. उन्हाने भोवळ आलेला चालक पाण्यावर एकटा असेल तर बाकीचं सामान काय कामाचं?

पहिल्या फेरीआधी

हे सगळं बोटीवर चढवलं की पाहुण्यांना बोलावण्याआधी एक सकाळ काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यात घालवा. जॅकेट घालून पाण्यात उतरा आणि आडवं तरंगून पाहा. किल कॉर्ड ओढून इंजिन बंद होतं का ते बघा. शिडी पाण्यातून उघडा आणि तिच्यावरून चढा, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसालाही चढायला लावा. पंप चालू करून बादलीने पाणी आत ओता. नांगर टाकून बोट थांबते का, किती सरकते ते काठावरच्या झाडाकडे पाहून ठरवा. मग स्क्रीनवर फडकं टाका आणि फक्त होकायंत्र आणि कागदावर समोरच्या काठाला जाऊन या.

आणि घरात एक कागद ठेवा: कुठून निघणार, कोणत्या बाजूला जाणार, बोटीचा रंग, सोबत कोण, आणि परत यायची वेळ. त्या वेळेनंतर एक तास झाला की घरच्यांनी आधी घाटावरच्या नावाड्याला आणि मग ११२ला फोन करायचा. वाट पाहत बसायचं नाही, हे त्यांना निघण्याआधीच सांगा.